खिशातल्या यंत्राची बेगमी : पडून असलेला आयपॉड टच घरात कोणाच्या उपयोगी पडेल?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपल्या दिरांनी २०१९ साली घेतलेला ३२ जीबीचा आयपॉड टच (ॲपल कंपनीचा, खिशात मावणारा गाण्यांचा प्लेअर), ज्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ए २१७८ असा क्रमांक आहे, तो आता आपल्या राजारामपुरीच्या घरी कपाटात पडून आहे. घरात ७६ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. मुलगी शास्त्रीय गाणे शिकते. आपले यजमान गगनबावडा तालुक्यातल्या शाळेत शिक्षक असून रोज एसटीने ये-जा करतात. शिवाय सासऱ्यांनी जमवलेल्या चाळीसेक कॅसेट माळ्यावर आहेत. प्रत्येकाकडे फोन असताना या यंत्राचा रोजच्या जगण्यात काही उपयोग आहे का, असेल तर ते कोणाला द्यावे, आणि आपला भाचा असाच एक वापरलेला आयपॉड विकत घेऊ पाहतो आहे तर त्याने तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

उपयोग आहे, आणि तो सासूबाईंना द्यावा, हे माझे उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी गेली २८ वर्षे कोल्हापुरात टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर आणि नंतरच्या काळात खिशात मावणारे प्लेअर दुरुस्त करण्याचे आणि लोकांना ते भरून देण्याचे काम करतो आहे. या काळात अशी कित्येक यंत्रे माझ्या टेबलावर आली. त्यांतली जी रोज वापरात राहिली आणि जी महिन्याभरात पुन्हा कपाटात गेली, त्यांच्यात यंत्राच्या दर्जाचा फरक फारसा नव्हता. घरात त्या यंत्रासाठी कोणी बेगमी केली होती की नाही, एवढाच फरक होता.

आधी आपल्या हातात नेमके काय आहे ते पाहू. पहिला आयपॉड टच सप्टेंबर २००७ मध्ये आला, तेव्हा त्याला स्पीकर, मायक्रोफोन आणि कॅमेरा यांपैकी काहीही नव्हते. ए २१७८ हा क्रमांक सातव्या आणि शेवटच्या पिढीचा आहे. ती पिढी मे २०१९ मध्ये बाजारात आली आणि १० मे २०२२ रोजी कंपनीने हे उत्पादन बंद केल्याचे जाहीर केले. आपल्या यंत्राचा पडदा ४ इंचांचा, वजन ८८ ग्रॅम आणि जाडी ६.१ मिलिमीटर आहे. स्पीकर, मायक्रोफोन, वाय-फाय आणि ब्लूटूथ आहे. आणि आजच्या बहुतेक महागड्या फोनमध्ये न सापडणारे ३.५ मिलिमीटरचे हेडफोनचे भोकही आहे. सिमकार्ड नाही, त्यामुळे फोन लागत नाही आणि सिमवर पडताळणी मागणारी यूपीआयची ॲप चालत नाहीत. जीपीएस नाही, म्हणून रस्ता दाखवण्याच्या कामी ते येणार नाही. त्याची कार्यप्रणाली आयओएस १५ च्या पुढे जात नाही, तेव्हा बँकेचे किंवा मुख्य ई-मेलचे कोणतेही खाते त्यावर ठेवू नये, हा माझा आग्रह आहे.

आता बेगमीविषयी. आपल्या भागात पावसाळ्याआधी घरात धान्य, तिखट, शेणी, जळण भरून ठेवण्याची रीत होती, कारण एकदा पाऊस लागला की मिळेलच याची खात्री नसे. हे यंत्र त्याच जातीचे आहे. फोनवर आपण मागाल ते गाणे तत्क्षणी जाळ्यावरून येते; या यंत्रावर आधी आणून ठेवलेले तेवढेच मिळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराच्या अनेक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि लोक फोनची बॅटरी फक्त नातलगांना ख्यालीखुशाली कळवण्यासाठी जपून वापरत होते. त्या आठवड्यात माझ्या परिचयाच्या एका घरात तीन पिढ्या एका खोलीत बसून होत्या आणि आजोबांच्या जुन्या प्लेअरवर हरिपाठ आणि नाट्यपदे चालू होती. त्या यंत्राला रेंज लागत नव्हती, ते वाजवताना फोनची बॅटरी खर्च होत नव्हती, आणि त्यात आधीच सगळे भरलेले होते. नवीन बॅटरीवर सलग ४० तास गाणी चालतील असे कंपनीने या प्रकाराबद्दल सांगितले होते. पाच-सहा वर्षे जुन्या यंत्राने त्याच्या निम्मे दिले तरी दोन-तीन दिवस निभावतात.

सासूबाईंना ते का द्यावे, याचे पहिले कारण असे की घरातल्या बाकी सर्वांना हवे ते शोधून लावता येते, त्यांना मात्र प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागत असणार. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर मंडळींच्या बोलण्यातून हीच अडचण सर्वांत जास्त वेळा ऐकू येते. गाणे नको असते असे नाही, पण दरवेळी नातवाला उठवणे नको असते. दुसरे कारण वजनाचे आहे. आजचा फोन सुमारे २०० ग्रॅमचा असतो. हे यंत्र त्याच्या निम्म्याहूनही हलके असल्याने सांधे दुखणाऱ्या हाताला पेलते.

मात्र स्पर्शाचा पडदा वयस्कर हातांना त्रास देतो, हे गृहीत धरून सुरुवात करावी. असा पडदा बोटाच्या दाबाने चालत नाही. बोट टेकले की तेथील विद्युत्-धारिता बदलते आणि तो बदल यंत्र ओळखते. वयोमानाने बोटांची त्वचा कोरडी होते, तेव्हा हा बदल क्षीण होतो आणि पडदा दाद देत नाही. मग माणूस जोराने आणि जास्त वेळ दाबतो, आणि यंत्र त्याचा भलताच अर्थ लावते. यावर दोन उपाय आहेत. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टच आणि त्यात टच अकोमोडेशन्स असा पर्याय आहे; तेथे बोट किती वेळ टेकल्यावर ते मोजायचे आणि लागोपाठ झालेले स्पर्श दुर्लक्षित करायचे का, हे ठरवता येते. दुसरा उपाय मला अधिक आवडतो, तो म्हणजे पडद्याला हात लावण्याची वेळच कमी आणणे. वायरवर एक बटण असलेला साधा हेडफोन घ्यावा. ते बटण एकदा दाबले की गाणे थांबते किंवा सुरू होते, लागोपाठ दोनदा दाबले की पुढचे लागते, तीनदा दाबले की मागचे लागते. अँड्रॉइड फोनसाठी विकल्या जाणाऱ्या हेडफोनचे आवाज कमी-जास्त करण्याचे बटण यावर सहसा चालत नाही, परंतु मधले बटण बहुधा चालते. घेण्यापूर्वी दुकानातच लावून पाहावे. सासूबाईंना हे एक बटण दोन दिवसांत हाताला बसेल. मी ऐंशी ओलांडलेल्या लोकांना ते शिकवले आहे.

त्यानंतर गाइडेड ॲक्सेस सुरू करून द्यावे. ही सोय ॲक्सेसिबिलिटीतच आहे. संगीताचे ॲप उघडून होम बटण तीनदा दाबले की यंत्र त्या एका ॲपपुरते बांधले जाते आणि संकेतांक दिल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. चुकून कॅमेरा उघडला, चुकून काही पुसले गेले, हे प्रकार बंद होतात. संगीताच्या सेटिंगमध्ये ॲपल म्युझिक दाखवण्याचा पर्यायही बंद करावा, म्हणजे सशुल्क सेवेच्या जाहिराती पडद्यावर येत नाहीत. अक्षरे ठळक आणि मोठी करावीत, आणि वाय-फाय बंदच ठेवावे.

प्लेलिस्ट चारच्या पुढे जाऊ देऊ नयेत. मी साधारणपणे वेळेप्रमाणे नावे देतो : पहाट, दुपार, सांजवात, झोपताना. काकड आरती आणि भूपाळ्या पहिल्यात, नाट्यपदे आणि जुनी भावगीते दुसरीत, हरिपाठ आणि स्तोत्रे तिसरीत, आणि शेवटचीत एखादे शांत प्रवचन. गायकांच्या नावाने केलेल्या वीस याद्या भरणाऱ्याला सोयीच्या वाटतात. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र दिवसाचा प्रहर असतो, आणि तो धरून यादी केली तर शोधावे लागत नाही.

कानाविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते. अनेक ध्वनिमुद्रणांत डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळे ध्वनी ठेवलेले असतात; एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, क्वचित सबंध गळाच एका बाजूला. ज्यांना एका कानाने कमी ऐकू येते, त्यांना त्या बाजूचे सारे संगीत अर्धवट मिळते आणि मग ते आवाज वाढवत जातात. ॲक्सेसिबिलिटीतील मोनो ऑडिओ हा पर्याय सुरू केला की दोन्ही बाजूंचे मिश्रण दोन्ही कानांत जाते, म्हणजे सासूबाईंच्या उजव्या कानाला गाणे पूर्ण मिळेल. हा एक बदल केल्यावर "पूर्वी ही पेटी मला कधी ऐकूच आली नव्हती" असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. आवाजाची मर्यादाही घालून द्यावी. प्रौढांसाठी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास आणि ८६ ला १० तास. सेटिंग्जमध्ये हेडफोन सेफ्टी या नावाखाली मोठा आवाज आपोआप कमी करण्याची सोय आहे. ज्या कानाने अजून चांगले ऐकू येते आहे तो जपणे हे या वयात फार मोलाचे काम आहे. कानात खोल जाणाऱ्या बोंडांपेक्षा कानावर बसणारा मऊ गादीचा हेडफोन बरा, आणि पुढे कधी कानामागचे श्रवणयंत्र लागले तर त्याचा मायक्रोफोन झाकेल असा पूर्ण कान व्यापणारा घ्यावा लागेल.

आता भरणीचे काम. शहरात मोबाईलच्या छोट्या दुकानांत कार्डात गाणी भरून मिळत, ती आपल्यालाही आठवत असतील. तेथे एका क्लिकवर पाचशे गाणी मिळायची आणि त्यांतली साडेचारशे कोणी कधी ऐकत नसे. येथे उलट मार्गाने जावे. ३२ जीबीपैकी साधारण २४ जीबी जागा आपल्या हाती राहते. १९२ केबीपीएसच्या (केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवली जाते याचे माप) एमपी३ फाइलला तासाला सुमारे ८६ एमबी लागतात, म्हणजे पावणेतीनशे तास मावतात. नुसत्या बोलण्याला, म्हणजे प्रवचन किंवा कथाकथनाला, ६४ केबीपीएस आणि एकेरी ध्वनी पुरतो आणि तासाला २९ एमबीत भागते. हिशेब पाहता जागेची चणचण येणार नाही. चणचण येते ती नावांची. फाइलच्या पोटात गाण्याचे, गायकाचे आणि संग्रहाचे नाव लिहिण्याची जागा असते, तिला टॅग म्हणतात, आणि प्लेअर फाइलच्या नावाकडे न पाहता या टॅगकडे पाहतो. इकडून तिकडून आणलेल्या फाइलींत तेथे संकेतस्थळांची नावे किंवा "ट्रॅक ०१" असे काही असते, आणि युनिकोडपूर्वीच्या (युनिकोड म्हणजे सर्व यंत्रांना वाचता येणारी अक्षरपद्धत) मराठी फाँटमध्ये लिहिलेली नावे तर निरर्थक चिन्हे होऊन दिसतात. एमपी३टॅग नावाचा विनामूल्य प्रोग्राम संगणकावर घेऊन सर्व नावे देवनागरी युनिकोडमध्ये एकदा नीट लिहावीत. हे काम कंटाळवाणे आहे. पण ते केलेले यंत्र वर्षानुवर्षे वापरले जाते, आणि न केलेले कपाटात परत जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

दोन-दोन तासांच्या कीर्तनांसाठी एक सूचना. आयट्यून्समध्ये (संगणकावरून या यंत्रात गाणी भरण्याच्या ॲपलच्या प्रोग्राममध्ये) फाइलच्या माहितीत, ऑप्शन्स या भागात, ऐकणे थांबवलेली जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो सुरू केला नाही तर पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, दर वेळी पहिल्यापासून ऐकावा लागतो आणि उत्तररंगापर्यंत माणूस पोहोचतच नाही.

भरणीच्या बाबतीत एक धोका मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. हे यंत्र एका वेळी एकाच संगणकावरच्या संग्रहाशी जुळलेले राहते. दुसऱ्या संगणकाला जोडले की ते विचारते, आधीचे सगळे पुसून नवीन भरू का? २०१३ साली एका भजनी मंडळाच्या गृहस्थांनी आपला प्लेअर माझ्याकडे दुरुस्तीला दिला होता. त्यांचा संगणक आधीच बिघडून गेलेला होता, आणि मंडळाच्या कार्यक्रमांची चाळीसेक ध्वनिमुद्रणे फक्त त्या प्लेअरमध्ये उरली होती. दुरुस्तीनंतर तपासणीसाठी मी तो माझ्या संगणकाला जोडला आणि तो प्रश्न न वाचता होकार दिला. काही मुद्रणे मंडळातल्या इतरांच्या फोनवर सापडली, बाकीची गेली. त्या दिवसापासून मी कोणाचेही यंत्र हाती घेताना पहिला प्रश्न विचारतो तो मूळ प्रतीचा. प्लेअर हे ऐकण्याचे साधन आहे, जपणुकीची जागा नव्हे. त्यातून स्वतः भरलेली गाणी संगणकावर परत उतरवून घेण्याचा सरळ मार्गही कंपनीने ठेवलेला नाही. मूळ प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर असाव्यात, आणि यंत्र कायम एकाच संगणकावरून भरावे.

हे मी विशेषतः आपल्या सासऱ्यांच्या कॅसेटांसाठी सांगत आहे, कारण आपण लिहिल्याप्रमाणे त्यांत घरगुती मैफिलींची मुद्रणे आहेत, आणि तशी दुसरी प्रत जगात नसण्याचीच शक्यता अधिक आहे. कोल्हापूरला या बाबतीत मोठा वारसा आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली अल्लादियाखाँसाहेबांना दरबारगायक म्हणून येथे आणले, १८८३ साली सुरू झालेला देवल क्लब त्याआधीपासून गाणे-बजावणे करत होता, आणि जयपूर घराण्याची गायकी या गावात रुजली. अनेक जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा कॅसेट आहेत, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी चढते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरट ठिपके दिसले तर ती मुळीच वाजवू नये, कारण ती बुरशी डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) हेडला, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या भागाला, आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. चांगल्या कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्याव्यात, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, आणि हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू हलक्या हाताने फिरवून ज्या ठिकाणी झांजेचा किंवा तंबोऱ्याच्या तारांचा आवाज सर्वांत उजळ येतो तेथे थांबावे. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असल्याने हे प्रत्येकीसाठी करावे लागते. डेकचा लाइन-आउट (आवाज बाहेर देणारे भोक) संगणकाला जोडून ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रोग्रामवर ४४.१ किलोहर्ट्झने मुद्रण करावे. आकार न आवळलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) मूळ प्रतीला तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात; ती हार्ड डिस्कवर राहील, आणि तिच्यावरून केलेली एमपी३ प्रत सासूबाईंच्या आयपॉडमध्ये जाईल.

यात मुलीच्या कामाची एक गोष्ट आहे. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकली पाहिजे, परंतु जुन्या डेकचे पट्टे सैल होतात आणि मोटर मंद किंवा जलद चालते. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की सबंध गाणे एका अर्ध्या सुराने खाली किंवा वर जाते. गायिका काळी चारमध्ये (पेटीवरच्या त्या पट्टीच्या सुरात) गात असली आणि मुद्रण तिच्या लगतच्या खालच्या पांढरी पाचमध्ये उतरले, तर ऐकणाऱ्याला ते केवळ किंचित जड वाटते, पण त्याच्यासोबत तंबोरा लावून बसणाऱ्या मुलीचा रियाज बिघडतो. म्हणून मुद्रण झाल्यावर त्यातला तंबोरा ओळखीच्या सुराशी मिळवून पाहावा, आणि ऑडॅसिटीतील वेग बदलण्याच्या सोयीने ती फाइल दुरुस्त करूनच पुढे न्यावी. मूळ गायिका कोणत्या पट्टीत गात असत हे सासूबाईंना आठवत असेल. हे काम आजी आणि नात यांनी शेजारी बसून करावे असे मला मनापासून वाटते. मुद्रणे घरात ऐकण्यासाठी ठेवावीत, कलावंतांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या अनुमतीशिवाय ती पुढे पाठवू नयेत.

मुलीच्या रोजच्या रियाजासाठी मात्र स्वतंत्र साधन असावे. एकच यंत्र दोघींत फिरू लागले की आजीच्या याद्या हलतात, गाइडेड ॲक्सेस बंद राहते, आणि पंधरा दिवसांत ते मुलीचे होऊन जाते. जयपूरच्या गायकीत लांब श्वासाच्या, वळणावळणाच्या तानेचा छोटा तुकडा वीस-वीस वेळा ऐकावा लागतो, आणि त्या वेळी फोनवर निरोपाची घंटा वाजली की तुकडा तुटतो. घरातला एखादा जुना अँड्रॉइड फोन सिम काढून, विमान मोडवर टाकून तिला द्यावा. त्यावर व्हीएलसी हे विनामूल्य प्लेअर ॲप घेतले की सूर न बदलता गती कमी करून ऐकता येते. गुरुजींची अनुमती असेल तर तालीमही त्यावरच मुद्रित करता येईल. यंत्र टेबलावर उघडे न ठेवता घडी घातलेल्या रुमालावर ठेवावे, म्हणजे टेबलाचा कंप आत येत नाही.

यजमानांसाठीही मी फोनच सुचवीन. त्यांच्या वाटेवरच्या असळजच्या पुढे पावसात रेंज येते-जाते, हा माझाही अनुभव आहे, म्हणून आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घेतलेले कार्यक्रम त्यांना पुरतील. एसटीत एक कान मोकळा ठेवावा, आणि कधी दुचाकीने गेले तर दोन्ही.

बॅटरीकडे लक्ष द्यावे लागेल, कारण आपले यंत्र बरेच दिवस पडून होते. पहिल्यांदा चार्ज करताना ५ व्होल्ट आणि १ अँपिअरचा साधा चार्जर वापरावा आणि समोर बसून पाहावे. पडदा एका कडेने उचललेला दिसला किंवा पाठ किंचित फुगीर लागली तर बॅटरी सुजली आहे असे समजावे. पडदा दाबून बसवू नये, चार्जिंग तत्काळ थांबवावे आणि यंत्र जाणत्या कारागिराकडे न्यावे. या यंत्राची बॅटरी मुख्य सर्किटवर सोल्डर केलेली असते, त्यामुळे ती बदलण्याचे काम फोनइतके सोपे नाही, आणि "दहा मिनिटांत करून देतो" म्हणणाऱ्याला ते देऊ नये. मोटारीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नये. ४५ अंशांच्या वरचे तापमान त्याला बंद अवस्थेतही सोसत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ते सहज गाठले जाते. ते जलरोधक नाही. पावसाळ्यात चार्जिंगच्या भोकात ओल जाणवली तर कोरडे होईपर्यंत वायर लावू नये.

राहिला भाच्याचा प्रश्न. त्याला निव्वळ गाणी ऐकायची असतील आणि घरात हेडफोनचे भोक व कार्डाची जागा असलेला जुना फोन असेल, तर त्याने पैसे खर्च करू नयेत. तोच फोन सिम काढून वापरावा. वेगळे यंत्र हवेच असेल तर अँड्रॉइडवर चालणारे, मेमरी कार्ड घेणारे सोनी वॉकमनसारखे प्लेअर मिळतात, त्यांना संगणकावरून फाइली सरळ ओढून टाकता येतात आणि आयट्यून्सची गरज पडत नाही. तरीही मन आयपॉडवरच असेल, तर पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी विक्रेत्यासमोर करून घ्याव्यात. पाठीवरचा क्रमांक पाहावा : ए १३६७ असेल तर ती २०१० ची चौथी पिढी, तिला जुनी रुंद ३० पिनांची वायर लागते आणि नवीन ॲप तिच्यावर चढत नाहीत, ए १५७४ ही सहावी, आणि ए २१७८ ही आपल्याकडची सातवी. त्यानंतर यंत्र पूर्ण पुसायला लावून पुन्हा सुरू करावे. आधीच्या मालकाचे ॲपल खाते त्यातून काढलेले नसेल, तर सुरू होताना ते त्याच खात्याचा पासवर्ड मागते, आणि तो मिळाला नाही तर कोणताही कारागीर ते सरळ मार्गाने उघडून देऊ शकत नाही. माझ्याकडे दर काही महिन्यांनी असे एखादे कुलूपबंद यंत्र घेऊन कोणी तरुण येतो. आपला आयपॉड सासूबाईंच्या हाती देण्यापूर्वी दिरांकडूनही त्यांचे खाते याच रीतीने काढून घ्यावे. ते दूर असतील तर फोनवर बोलत-बोलत पाच मिनिटांत होणारे काम आहे.